भांडं उलटं करून : तोकोनामे ते बिझेन, सात दिवस

पहिला दिवस : तोकोनामे

नागोयाचा चुबू विमानतळ समुद्रात भराव घालून बांधलेल्या बेटावर आहे. तिथून गाडीत बसलं की पाच-सात मिनिटांत तोकोनामे येतं. मावसबहीण नागोयात नोकरी करते. तिने दोन दिवस रजा काढली होती आणि ती स्टेशनवर उभीच होती. माझ्या हातातली पिशवी घ्यायला ती पुढे झाली तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. त्या पिशवीत टॉवेलात गुंडाळलेला माझाच एक वाडगा होता. बुडाला भेग पडलेला.

आधी त्या वाडग्याबद्दल सांगते. मातीकाम मी कुठल्या कलाशाळेत शिकले नाही. नऊ वर्षांपूर्वी एक जुनं चाक विकत घेतलं, दोन वर्षांनी छोटी विजेची भट्टी आली. बाकीचं पुस्तकं, व्हिडिओ आणि बादल्या भरभरून फुटलेल्या मालाने शिकवलं. पण सगळ्यांत जास्त शिकले ते दुसऱ्यांची भांडी उलटी करून. भांड्याच्या अंगावर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा लेप असतो, तो पुष्कळ काही झाकतो. बुडाला मात्र ग्लेझ लावता येत नाही, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीलाच चिकटून बसतं. त्यामुळे माती खरी कुठल्या रंगाची आहे, चाकावरून दोऱ्याने कापताना हात थरथरला का, तासणी घाईत झाली की सावकाश, हे सगळं बुडाशी उघडं पडलेलं असतं. मला शिकवायला कोणी नव्हतं, पण प्रत्येक भांड्याला बूड होतं.

आणि माझ्या स्वतःच्या भांड्यांच्या बुडाला मात्र भेगा जात होत्या. मधोमध, इंग्रजी एस अक्षरासारखी वळलेली भेग. सगळ्यांना नाही, दहातल्या दोन-तीन भांड्यांना. कारण मी वाचलं होतं, उपाय करत होते, तरी जात होत्या. तो वाडगा मी का सोबत घेतला हे मलाही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

जपानमध्ये सहा जुनी कुंभारगावं फार मानतात: सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन. मध्ययुगापासून तिथल्या भट्ट्या चालत आल्या आहेत. त्यातली तीन माझ्या वाटेवर होती.

तोकोनामेत मडक्यांची पायवाट म्हणून एक रस्ता आखलेला आहे. तो चढउतारांचा, काळपट लाकडी घरांमधून जाणारा आहे. त्यातल्या एका चढावर एका बाजूची भिंत मातीच्या जाड पाइपांची आणि दुसऱ्या बाजूची दारूच्या मोठ्या मातीच्या बरण्यांची आहे. पाइप मेइजी काळातले (१८६८ ते १९१२), बरण्या शोवा काळाच्या (१९२६ पासून) सुरुवातीच्या. जपानची शहरं आधुनिक होऊ लागली तेव्हा जमिनीखालून सांडपाणी नेणारे हे पाइप याच गावाने भाजले. सगळे पर्यटक भिंतींचे फोटो काढत होते.

"ताई, तू जमिनीचे काय काढतेस?" बहिणीने विचारलं.

पायाखाली मातीची तुटकी कडी दाबून बसवली होती. भट्टीत पाइप उभे करताना त्यांच्याखाली टेकू म्हणून ठेवायची ही कडी. पाइप विकले गेले, कडी भट्टीपाशी राहिली, आणि चढावर पावसात पाय घसरू नये म्हणून लोकांनी ती रस्त्यात पुरली. मी खाली बसून एका कड्यावर बोट फिरवलं. एका बाजूला पाइपाचा गोल वण होता. शंभर वर्षांपूर्वीचं त्या पाइपाचं बूड कसं होतं, ते या कड्यावर उमटून राहिलं होतं.

वर तोएइगामा ही भट्टी आहे. ती १८८७ साली बांधली. टेकडीच्या उतारावर एकाला एक जोडलेल्या आठ खोल्या, खालच्या तोंडाशी विस्तव, आणि सगळ्यांत वर एका ओळीत दहा धुराडी. धुराड्यांची उंची सारखी नाही. कडेची उंच आहेत, मधली ठेंगणी. आग मधून सरळ वर पळते आणि कडेचा माल कच्चा राहतो. म्हणून कडेच्या धुराड्यांना जास्त ओढ दिली की आग रुंदीत सारखी पसरते. हे कुठलंही सूत्र न मांडता कोणाच्या तरी लक्षात आलं असणार, बहुधा कडेचा माल कच्चा निघून निघून. मी त्या धुराड्यांखाली बराच वेळ उभी होते. १९७४ मध्ये ही भट्टी शेवटची पेटली.

मोठे रांजण इथे चाकावर करत नसत. मातीची जाड वळी खांद्यावर टाकून कारागीर भांड्याभोवती स्वतःच फिरतो आणि उलट्या पावलांनी चालत वळीवर वळी चढवत जातो. चाक थांबलेलं, माणूस फिरतो. रात्री झोपताना माझ्या डोळ्यांपुढे तेच पाय होते.

दुसरा दिवस : त्सु

विमानतळाच्या धक्क्यावरून इसेचं आखात ओलांडणारी जलद बोट आहे. पाऊण तासात त्सु. बहीण म्हणाली, "जपानमध्ये येऊन कोणी त्सुला जात नाही गं." मी या सगळ्या प्रवासाची आखणी त्सुभोवती केली होती.

कारण हांदेइशी. कावाकिता हांदेइशी, जन्म १८७८, मृत्यू १९६३. इसेच्या सुती कापडाच्या जुन्या व्यापारी घराण्यातला मुलगा, लहानपणीच वडील गेलेला आणि आजीने वाढवलेला. पुढे हा माणूस याच शहरातल्या बँकेचा अध्यक्ष झाला. मातीत त्याने खरा हात घातला तो पन्नाशीनंतर. घरामागच्या चितोसेयामा टेकडीवर त्याने स्वतःची भट्टी उभारली, कोणाच्या पेढीवर उमेदवारी केली नाही, आणि चहाचे वाडगे केले. ते विकण्यासाठी नव्हतेच, तो ते मित्रांना देऊन टाकायचा. हांदेइशी हे त्याचं खरं नाव नाही. त्या अक्षरांत 'अर्धा' आणि 'चिखल' आहेत. अर्धा चिखलात बुडालेला, अर्धा न बुडालेला, असा त्याचा अर्थ लावतात.

सेकिसुइ संग्रहालय त्याच टेकडीवर आहे. आकोगी नावाच्या लहानशा स्टेशनवर उतरून दहा मिनिटं चालायचं. शनिवार असूनही आत आम्ही धरून सहा माणसं होती. वाडगे काचेत, त्यामुळे बूड पाहता येत नाही. मी गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, काचेच्या तळाशी डोळा लावून पाहिलं. पहारेकरी बाई जवळ आल्या. मला वाटलं आता उठवणार. त्या गेल्या आणि बुडाच्या फोटोंचा जुना कॅटलॉग घेऊन आल्या. आम्ही तिघी बाकावर बसून अर्धा तास तो चाळत होतो.

हांदेइशीची तासणी भराभरा केलेली दिसते. बुडाची कडी एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. पण ते बेफिकिरीने केलेलं नाही. वाडगा तळहातात धरल्यावर अंगठा जिथे बसेल तिथे माती कमी आहे. इतकं मला पूर्वी फोटोंवरून कळलं नव्हतं.

इगा इथलं पाण्याचं एक जुनं भांडं जपानात फार प्रसिद्ध आहे. 'फुटकी पिशवी' असं त्याचं नाव. ते तोक्योच्या गोतो संग्रहालयात असतं. भट्टीत ते बुडापाशी खचलं, तडकलं, आणि तसंच जपलं गेलं. हांदेइशीने १९४० मध्ये त्याला उत्तर म्हणून स्वतःचं भांडं केलं आणि त्याला 'हावरी पिशवी' असं नाव दिलं. त्याच्या कितीतरी वाडग्यांच्या भेगा लाखेने आणि सोन्याने सांधलेल्या आहेत. सोन्याने सांधण्याबद्दल आपल्याकडे हल्ली खूप लिहिलं जातं, त्यामुळे त्यात मी शिरत नाही. मला जास्त महत्त्वाचं हे वाटलं की भेग गेलेला वाडगा त्याने आधी भट्टीतून काढला, समोर ठेवला, आणि मग ठरवलं. मी भेग दिसली की वाडगा बादलीत टाकत आले. कधी नीट पाहिलंच नाही.

१९४२ मध्ये याच टेकडीवर चार माणसं जमली: हांदेइशी, मिनोचे आराकावा तोयोझो, बिझेनचे कानेशिगे तोयो आणि हागीचे मिवा क्यूवा. बाकीचे तिघे पुढे 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' म्हणून गौरवले गेले. चौथा हौशीच राहिला. पण त्या तिघांना एकत्र बसवणारा तो होता.

आराकावांची एक गोष्ट बहिणीला मी बोटीवरच सांगितली होती. १९३० साल. ते तेव्हा रोसानजिनच्या भट्टीवर काम करत होते. रोसानजिन हाही कोणाकडे न शिकता मातीत आलेला, मुळात सुलेखनकार आणि खवय्या, आपल्या उपाहारगृहाच्या थाळ्या-वाट्यांसाठी भट्टी घालून बसलेला. तर नागोयात आराकावांनी एक जुना शिनो, म्हणजे जाड पांढऱ्या ग्लेझचा, वाडगा हातात घेतला. त्यावर बांबूच्या कोंबांचं चित्र होतं. शिनो सेतोतच व्हायचं असं तोवर सगळे मानत होते. आराकावांनी तो वाडगा उलटा केला. बुडाच्या कडीपाशी तांबूस मातीचा एक कण चिकटलेला होता. सेतोची माती तशी नसते. काही दिवसांतच ते मिनोच्या डोंगरात गेले, एका ओसाड पडलेल्या जुन्या भट्टीच्या जागी खणलं, आणि बांबूच्या कोंबांचंच चित्र असलेली खापरी त्यांच्या हाताला लागली. जपानी मातीकामाच्या इतिहासाचं एक पान त्या कणाने बदललं. पुढे ते तिथेच, त्या दरीत भट्टी बांधून राहिले.

"म्हणून तू सगळं उलटं करून बघतेस," बहीण म्हणाली. मग तिने माझा वाडगा पिशवीतून काढून संग्रहालयाच्या पायरीवर ठेवला आणि त्याचा फोटो काढला. संध्याकाळी ती नागोयाला परतली.

तिसरा दिवस : शिगाराकी

त्सु, कामेयामा, त्सुगे, किबुकावा आणि तिथून एका डब्याची डोंगरातली गाडी. चार गाड्या बदलून शिगाराकी. स्टेशनबाहेर तानुकी या कोल्ह्यासारख्या जपानी प्राण्याचे पुतळे आहेत, टोपी घातलेले, पोट सुटलेले, हजारोंनी. १९५१ मध्ये सम्राट आले तेव्हा रस्त्याच्या कडेला हातात झेंडे दिलेल्या तानुकींची रांग उभी केली होती. तेव्हापासून हे देशभर पोचले.

मी आले होते मातीसाठी. बिवा सरोवर लाखो वर्षांपूर्वी आत्ताच्या जागी नव्हतं. ते दक्षिणेला, इगाच्या बाजूला होतं आणि हळूहळू उत्तरेला सरकलं. मागे राहिलेला तळ म्हणजे इगा आणि शिगाराकीची माती. तिच्यात फेल्डस्पार या खनिजाचे पांढरे खडे असतात. भाजताना ते अर्धवट वितळतात आणि भांड्याच्या अंगातून मोत्यासारखे वर येतात. माती गाळायची आणि मऊ करायची, हे मी पुस्तकातून शिकले होते. इथे न गाळणं हीच विद्या आहे.

इथल्या मोठ्या सिरॅमिक पार्कमध्ये (१९९० साली सुरू झालेलं आहे, टेकडीवर विस्तीर्ण पसरलेलं) जुने रांजण मोकळे ठेवले होते. लाकडाची भट्टी कित्येक दिवस धगधगते तेव्हा सरपणाची राख उडून भांड्यांवर बसते. राखेत चुना आणि पोटॅश असतं. बाराशे अंशांच्या पुढे ते मातीतल्या सिलिकाला वितळवतं आणि भांड्याच्या एका खांद्यावर हिरवी काच ओघळते. तिला बिदोरो म्हणतात. हा शब्द पोर्तुगीजांच्या काचेच्या शब्दावरून आला. कोणी लावलेलं ग्लेझ नव्हे. आगीची दिशा तेवढी कळते: हिरवं ज्या बाजूला, आग त्या बाजूने आली.

एका आडव्या ठेवलेल्या रांजणाच्या बुडाला दोन आयताकृती खळगे दिसले. त्यांना गेताचं चिन्ह म्हणतात. गेता म्हणजे लाकडी चप्पल, तिच्या दोन दातांसारखे. चाकाच्या फळीवरच्या उंचवट्यांचे ते ठसे. सही नव्हे, कोणी मुद्दाम काढलेलं काही नव्हे. चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या एका चाकाची फळी कशी होती ते मी माझ्या बोटांनी चाचपत होते.

चौथा दिवस : अजून शिगाराकी

सोमवार. पार्क बंद. खानावळवजा घराच्या मालकीणबाईंना मी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं की कोणाचं काम बघता येईल का. त्यांनी फोन केला आणि मला चढावरच्या एका घराकडे पाठवलं.

आजोबा ऐंशीच्या आसपासचे असावेत. त्यांची सून थोडं इंग्रजी बोलत होती. शेडमध्ये सुकत ठेवलेले फुलदाणीसारखे लांबट घडे आणि एक चाक होतं. मी काय करते असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की मी स्वतःच शिकलेय, गुरू नाही. त्यांनी मान हलवली, त्यातून पसंती-नापसंती काही कळली नाही. मग मी पिशवीतून वाडगा काढला. नऊ वर्षांत माझी भेग गेलेली वस्तू मी कोणाला दाखवली नव्हती.

त्यांनी आधी वाडगा आतून पाहिला. बोटांच्या खुणांची जी हलकी वर्तुळं आत राहतात त्यांवरून नख फिरवलं. मग उलटा केला. भेग पाहिली आणि हाताने हवेत एक गोल काढला, माझं चाक फिरतं त्या दिशेने. जपानी चाक घड्याळाच्या काट्याबरोबर फिरतं. माझं उलट दिशेने फिरतं. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आतल्या वळणांवरून त्यांना ते दिसलं होतं, आणि भेगेचा बाकही त्याच फिरण्याने आला होता. सून म्हणाली, "बाबा म्हणतात, तुम्ही घाईने वर जाता."

मला वाटलं, मला जपानी नीट समजलेलं नाही, की तिचं इंग्रजी. पण आजोबांनी चाकावर मातीचा गोळा बसवला. मध्ये भोक पाडलं, बूड उघडलं. आणि मग ते वर गेलेच नाहीत. अंगठ्याने बुडाची माती मध्यापासून कडेकडे दाबली, कडेकडून पुन्हा मध्याकडे. पुन्हा बाहेर. पुन्हा आत. स्पंजने मधलं पाणी टिपलं. अजून एकदा दाबली. भिंत उभी करायला त्यांनी हात लावला तोवर मी मनात सात वेळा मोजलं होतं.

शास्त्र मला माहीत होतं. भिंत ओढताना तिच्यातली माती दोन हातांमध्ये दाबली जाते, घट्ट होते. बुडाच्या मधली माती तशीच सैल राहते. त्यात पाणी साठलं की आणखी सैल. सुकताना वाऱ्याला लागलेली भिंत आधी आक्रसते आणि ताठ होते. बूड मागाहून आक्रसू लागतं, तोवर कडा त्याला सोडत नाहीत, आणि ते मधोमध फाटतं. कित्येकदा ही भेग भट्टीतून काढेपर्यंत दिसत नाही, पण ती पडलेली असते चाकावरच, पहिल्या अर्ध्या मिनिटात. हे सगळं मी वाचलं होतं, आणि बूड दाबतही होते. दोनदा. मग मला भिंत वर घेण्याची ओढ लागायची. चाकावर माती वर चढताना जो आनंद होतो त्यासाठीच तर मी हे काम सुरू केलं होतं.

पुस्तकात 'बूड दाबावे' असं लिहिलेलं असतं. किती वेळ थांबावं हे लिहिलेलं नसतं. ते पाहावं लागतं, शेजारी उभं राहून, दुसऱ्याच्या अंगठ्याकडे.

दुपारपर्यंत मी त्यांच्या चाकावर बसले. चाक उलट्या दिशेने फिरत असल्यामुळे माझे हात कुठे ठेवावेत तेच कळत नव्हतं, आणि त्याचा फायदा असा झाला की घाई करणं शक्यच नव्हतं. आठ बुडं केली. फक्त बुडं, भिंत एकीलाही नाही. आजोबा प्रत्येक गोळा तारेने उभा कापत आणि मला काप दाखवत. पहिल्या तीनमध्ये मधोमध बारीक पोकळ रेघ दिसत होती. सहाव्यात नव्हती. सातव्यात पुन्हा होती.

निघताना मी वाडगा पिशवीत घालू लागले तर त्यांनी हात पुढे केला. सून म्हणाली, हा ठेवू का, असं विचारतायत. शेडच्या कोपऱ्यात एक फळी होती. तिच्यावर त्यांचे स्वतःचे तडकलेले, वाकलेले, खचलेले नग ओळीने उलटे ठेवले होते, बूड वर करून. त्या ओळीत त्यांनी माझा वाडगा ठेवला.

पाचवा दिवस : क्योतो

सकाळी क्योतोत पोचले आणि थेट गोजोझाका या जुन्या कुंभारवस्तीत. कुंभार कावाई कांजिरो (१८९० ते १९६६) यांचं घर १९३७ चं आहे, आता संग्रहालय. बाहेरून कुठल्याही गल्लीतल्या घरासारखं, आत गेलं की मधला चौक, काळ्या लाकडाच्या तुळया, अंगणात एक मोठा गोल दगड, आणि मागे चढत गेलेली आठ खोल्यांची भट्टी. शहराच्या मधोमध! शेजारपाजारची वीसएक कुटुंबं ती वाटून वापरत. धुरावर बंधनं आली तशा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्या भट्ट्या विझल्या.

कावाई हे स्वतः शिकलेले नव्हते, उलट भरपूर शिकलेले. तांत्रिक महाविद्यालय, मग क्योतो शहराच्या मातीकामाच्या प्रयोगशाळेत दुसरे कुंभार हामादा शोजी यांच्याबरोबर हजारो ग्लेझच्या चाचण्या. तरुणपणीच त्यांची चिनी धर्तीची भांडी वाखाणली गेली. आणि मग ते थांबले. शेतकऱ्यांच्या घरातली, नाव नसलेल्या कारागिरांची भांडी पाहून त्यांना आपलं काम परकं वाटू लागलं. त्यानंतर त्यांनी आपल्या कामावर सही करणं सोडलं. पॅरिसचं (१९३७) आणि मिलानचं (१९५७) मोठं पारितोषिक मिळालं, तेही मित्राने परस्पर भांडी पाठवली म्हणून. सरकारी मानसन्मान त्यांनी नाकारले.

कपाटात एक तांबड्या ग्लेझचा नग होता, तांब्याचा लाल, जो भट्टीत हवा जरा जास्त झाली की हिरवा होतो. पण माझं लक्ष बुडाकडे. कोरं. ना सही, ना ठसा. मी स्वतः नऊ वर्षं बुडाला माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरत आलेय, तेही भेग असेल तर भेगेला चुकवून. एवढं शिकलेल्या माणसाने आपलं बूड कोरं ठेवलं, याने मी खरंच हलले. चुलीपाशी बसायला बाक आहे, तिथे कितीतरी वेळ बसून राहिले. घरातली मांजर येऊन पायाशी झोपली.

सहावा दिवस : क्योतो

सकाळभर पाऊस. राकु या कुंभार घराण्याच्या संग्रहालयात गेले. चोजिरोपासून (मृत्यू १५८९) एकाच घराण्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम. चाक नाही, तळहातात माती दाबून वाडगा घडवायचा आणि मग तासायचा. काळ्या ग्लेझसाठी कामो नदीतले दगड दळून घेतात, आणि काळा वाडगा लाल तापलेला असतानाच चिमट्याने भट्टीबाहेर काढतात. घरातली एक पिढी माती मुरत ठेवते ती पुढच्या पिढ्यांनी वापरावी म्हणून. गुरू नसलेल्या माणसाने इथे उभं राहिलं की पोटात जरा कालवतं. माझी माती पोत्यातून येते आणि महिन्याभरात संपते.

बाकीचा दिवस झोपले.

सातवा दिवस : बिझेन

शिनकानसेन या बुलेट ट्रेनने ओकायामा, तिथून आको लाइनवरची साधी गाडी, चाळीसएक मिनिटांत इम्बे, बिझेनच्या भांड्यांचं गाव. खिडकीतूनच विटांची धुराडी दिसू लागतात.

बिझेनमध्ये ग्लेझ लावतच नाहीत. भातशेतांच्या खालून काढलेली चिकट, लोहयुक्त माती, लाल पाइनचं सरपण, आणि दहा-बारा दिवस, कधी जास्त, अखंड भट्टी. बाकी सगळं कुठलं भांडं कुठे ठेवलं यावर. राख जिथे पडली तिथे तिळासारखे ठिपके. भांड्यावर भांडं ठेवलं तिथे गोल डाग. भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत, तर पेंढ्यातल्या पोटॅशने मातीतलं लोह लाल झालं आणि अंगावर विजेसारख्या रेघा उठल्या. ही माती फार आक्रसते आणि घाईने तापवली तर फुटते. म्हणून भट्टीही सावकाश चढवतात. घाई हा शब्द आता मला सगळीकडे ऐकू येत होता.

रोसानजिन १९५२ मध्ये शिल्पकार इसामू नोगुचींना घेऊन इथे कानेशिगे तोयोंकडे आले होते. कानेशिगेंनी बिझेनची जुनी, विसरली गेलेली पद्धत पुन्हा उभी केली, खापऱ्या बघून आणि भट्टीत पुन्हा पुन्हा करून. पण मी इम्बेत आले ती खुणांसाठी.

गावाच्या दक्षिणेला टेकडीवर जुन्या मोठ्या भट्टीचे अवशेष आहेत. सुमारे ५४ मीटर लांबीची ती भट्टी. नुसती लांबट खळगी उरली आहे, वर गवत, आणि पायाखाली खापऱ्याच खापऱ्या. उचलायच्या नाहीत, तशी पाटी आहे. एवढ्या मोठ्या भट्टीत अनेक घरांचा माल एकत्र भाजला जायचा. तो बाहेर काढल्यावर आपलं कुठलं हे ओळखायला प्रत्येकाने ओल्या मातीवर खूण केलेली असे, पुष्कळदा बुडाला. दोन रेघा. एक गोल. गोलात फुली. तीन टिंबं. संग्रहालयात अशा खुणांचा अख्खा तक्ताच लावला आहे. त्या मिरवायला नव्हत्या. शेजाऱ्याशी भांडण नको, एवढ्यासाठी.

दुपारी एका दुकानात शिरले. दुकानातल्या बाईंनी मला पेले उलटे करताना पाहिलं आणि न विचारताच एकेक उलटा करून माझ्यापुढे ओळीने मांडला. मग एक पेला उचलून दुसऱ्यावर हलकेच टिचकवला. टण्ण. धातूचा आवाज. मला गोरोबाकाका आठवले, थापटणं हातात घेऊन एकेका संताच्या डोक्यावर ठोकत कुठलं मडकं कच्चं राहिलंय ते पाहणारे. नामदेव कच्चे निघाले तेव्हा त्यांना विसोबांकडे जावं लागलं. गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, पण थापटण्याच्या बाजूने ती मी कधी ऐकली नव्हती. रोज मडकी ठोकून ठोकून ज्याच्या कानाला आवाज कळतो, तोच ते सांगू शकतो. शिगाराकीच्या आजोबांनी माझं तेच तर केलं होतं.

पेंढ्याच्या लाल रेघांचा एक छोटा पेला घेतला. त्याच्या बुडाला आडवी एक रेघ आणि तिच्याखाली टिंब.

परतीच्या गाडीत वही काढली. सात दिवसांत पाहिलेली बुडं आठवून काढू लागले. तोकोनामेचं कडं, कॅटलॉगमधली हांदेइशीची वाकडी कडी, गेताचे दोन खळगे, कावाईंचं कोरं वर्तुळ, बिझेनच्या सतरा खुणा. शेवटी माझ्या वाडग्याचं बूड काढायला घेतलं. गोल काढला. भेग काढायला पेन्सिल टेकवली आणि ती नेमकी कुठल्या बाजूला वळत होती ते आठवेना. नऊ वर्षं ज्या भेगेने छळलं, तिचा बाक मला आठवत नव्हता.

बहिणीला मेसेज केला, त्सुला काढलास तो फोटो पाठव गं.

दोन स्टेशनांनी फोटो आला. संग्रहालयाची पायरी, दुपारचं ऊन, आणि वाडगा सुलटा ठेवलेला.

वही मिटली. ओकायामा येईपर्यंत डाव्या हाताच्या तळव्यावर उजव्या हाताचा अंगठा दाबत राहिले. मधून कडेकडे, कडेकडून मधे. सात वेळा झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून.